अनुपमा बेडगे यांचा प्रतिखेळाडू

मानवजातीपुढे आजवर तीनच प्रश्न खऱ्या अर्थाने मोठे उभे राहिले. विश्व कुठून आलं, मेल्यावर माणूस कुठे जातो, आणि 'रानवट' हा खेळ सुरू करताना पहिलं जनावर म्हणून चिखलकासव घ्यावं की वीजघोरपड. पहिल्या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञ आणि साधुसंत अजून चाचपडत आहेत. तिसरा मात्र मिरजेच्या रानवट श्रेणी मंडळाने वार्षिक सभेत बहुमताने निकालात काढला. विरोधकांपैकी दोघे नेमके त्या वेळी भडंग आणायला खाली गेले होते, त्यामुळे पुढे बरीच वर्षं कटुता राहिली.

ही हकिकत घडली तेव्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने गेम खेळलेली पिढी पेन्शनीत आली होती. गुडघे गेले होते, केस गेले होते, पण अंगठे शाबूत होते. 'रानवट' अशा अंगठ्यांसाठीच होता. एका काल्पनिक मुलखातून चालत जायचं, वाटेत रानटी जनावरं पकडायची, माणसाळवायची आणि एका वेळी त्यांतली सहाच बरोबर घेऊन आठ गढांच्या आठ गढकऱ्यांशी झुंजायचं. जनावरं शेकड्यांनी, जागा सहा. साहजिकच कुठली सहा, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी होत. त्यातून खेळाची कंपनी दर दिवाळीला नवी आवृत्ती काढी आणि जनावरांची ताकद इकडची तिकडे करी, त्यामुळे गेल्या वर्षी ज्यांचं जुळलं त्यांचंही यंदा पुन्हा बिनसे.

म्हणून मंडळ निघालं. मंडळाला घटना होती, अध्यक्ष होते, कार्यवाह होते. सभासद वेगवेगळी सहा जनावरं घेऊन अख्खा खेळ पार करत आणि मग सभेत बसून प्रत्येक जनावराला श्रेणी देत. 'अ' म्हणजे डोळे मिटून घ्यावं, 'ऊ' म्हणजे समोर आलं तरी मान फिरवावी. नियम कडक होते. मित्राकडून जनावर उसनं घ्यायचं नाही. एकाच झाडाखाली उभं राहून तासन्‌तास सराव करायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, जनावर किती बलवान यापेक्षा ते किती लवकर भेटतं याला मोल. शेवटच्या गढाच्या दारात सापडणारा सोनगरुड कितीही पराक्रमी असो, त्याची श्रेणी 'उ'. सगळा डोंगर चढून झाल्यावर भेटलेल्या गड्याचा उपयोग काय? उलट पहिल्याच माळावर सापडणारं ते बेढब, मुकाट चिखलकासव 'अ' मध्ये मान वर करून बसलेलं असे.

मिरजेच्या श्रेणीला पार नागपूरपर्यंत मान होता, आणि तो एका व्यक्तीमुळे होता. अनुपमा बेडगे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या संगणकचालक. त्यांनी 'इ' म्हटलं की ते जनावर 'इ'. अपील नाही.

आता घरातली गोष्ट. निवड अनुपमा करत नव्हती. जयवंत करत होता.

जयवंत तिचा नवरा. सूतगिरणीत उत्पादन व्यवस्थापक होता. कुठल्या मशीनवर कोण चांगला चालेल हे माणसाच्या चालण्यावरून ओळखायचा. लग्नानंतर लवकरच सांगली रस्त्यावर त्याची स्कूटर घसरली आणि उजव्या अंगठ्याचा सांधा कायमचा आखडला. खेळाचं पॅड धरता येईना. तेव्हा पॅड अनुपमाने धरलं. साहेबांनी सांगायचं आणि आपण टंकायचं, ही तिला ऑफिसची सवय होतीच.

"समोर कोण?" तो सोफ्यावर रेलून विचारी.

"दुसरा गढकरी. गारगोट घेऊन आलाय."

"मग खवल्या मागे घे. काजवीर पुढे कर."

"काजवीर अजून पोरगा आहे रे."

"दाब गं तू."

ती दाबी. आणि तो पोरगा काजवीर गारगोटाला लोळवी. मंडळाच्या घटनेत 'एका घरातून एकच सभासद' असं कलम होतं. एकदा चार सख्ख्या भावांनी मिळून सभा ताब्यात घेतली होती, तेव्हापासूनचं. पॅड अनुपमाच्या हातात, म्हणून नाव अनुपमाचं. सभेतही ती जयवंतने सांगितलेलं बोले आणि जयवंत मागच्या खुर्चीवर बसून मान डोलवी. नवऱ्याने ठरवायचं आणि बायकोने राबायचं, हे त्या घरात इतकं उघड्यावर चाललेलं होतं की कुणाच्या लक्षातच आलं नाही. कौतुकही बायकोचं होत असल्याने तक्रारीला जागा नव्हती.

मग प्रतिखेळाडू आला.

कल्पना साधी होती. खेळाडू पॅड हाताळतो तेव्हा बरंच काही सांगून जातो. बटण किती जोरात दाबलं, दाबण्याआधी अंगठा किती घुटमळला, कुठल्या जनावरापाशी जाऊन परत फिरला, हरल्यावर पुढच्या वेळी काय बदललं. पॅड हे सगळं टिपून ठेवतंच. पुरेशी वर्षं टिपलेलं असलं की यंत्र त्यातून शिकतं: या बाईसमोर अमुक प्रसंग आला तर ती काय करील? शिकून झालं की ते यंत्र त्या बाईसारखं खेळू लागतं, तेही एका दुपारीत हजारो खेळ. श्रेणी देणाऱ्यांना हे वरदानच. माणूस एका हंगामात दोन-तीन वेळा खेळ पार करणार आणि तेवढ्यावर छातीठोक बोलणार. यंत्र प्रत्येक जनावर प्रत्येक जोडीने तपासून बघणार, आणि तरीही निवडण्याची तऱ्हा मात्र माणसाचीच.

यंत्र दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकतं. एक हात, म्हणजे अंगठ्याची ढब. दुसरी निवड, म्हणजे डोक्याचा कल. एवढं लक्षात असलं की पुढचं समजायला अडचण नाही.

मंडळाने ठराव केला: अनुपमाताईंचा प्रतिखेळाडू घडवावा. कार्यवाह मुजावर सर, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, एका सकाळी यंत्राची पेटी घेऊन घरी आले. त्यांनी अनुपमाची सगळ्या वर्षांची टिपणं पेटीत उतरवली, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, आता तुम्ही अमर झालात."

"अमर व्हायला काही करावं लागेल का?" अनुपमाने विचारलं.

"इथे अंगठा उठवा फक्त."

दोन दिवसांनी पॅडवर खाजगी सूचना आली. असं यंत्र वापरताना खेळाडूच्या प्रकृतीबद्दल काही कळलं तर ते आधी त्यालाच कळवायचं, असा कायदा झालेला होता. कायदा खाजगीपणाचा होता, पण जयवंत शेजारीच बसलेला असल्यामुळे त्याने चष्मा चढवून ती मोठ्यांदा वाचली.

"'गेल्या वर्षभरात आपल्या निवडीच्या क्षमतेत लक्षणीय घट आढळली आहे. समोरच्या जनावराचा विसर पडणे, बाद झालेले जनावर पुन्हा निवडणे. स्मृतिविकाराची शक्यता नाकारता येत नाही. डॉक्टरांना भेटा...'" तो थांबला. त्याने सूचना पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग पॅड खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. त्यांच्या घरात हात धरणं हे ताप मोजण्यापुरतं होतं, त्यामुळे अनुपमा खरंच घाबरली.

"अनू," तो म्हणाला, "काही झालं तरी मी आहे."

गेलं वर्ष तिला आठवलं. तिसऱ्या गढापाशी ते पाच वेळा हरले होते. धुकटसारख्या जनावराला त्यांनी 'अ' दिली होती आणि सभेत पहिल्यांदाच कुजबुज झाली होती. त्या सगळ्या निवडी पॅडवर तिच्याच अंगठ्याने झालेल्या होत्या. यंत्र म्हणतंय म्हणजे असेल, असं तिला वाटलं. सांगेल ते दाबायची सवय एकदा लागली की यंत्राचंही ऐकलं जातं.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. डॉ. केतकी मगदूम स्मृतिविकाराच्या होत्या. जयवंतने वेळ घेतली, रिक्षा ठरवली, आणि भर मे महिन्यात तिच्यासाठी स्वेटर बरोबर घेतला.

"स्वेटर कशाला?"

"आत एसी असतो. तू विसरली असतीस."

डॉक्टरांनी अनुपमाला एकटीला आत घेतलं आणि तिच्या हातात पॅड दिलं. "रानवट खेळा थोडा. मी शेजारी बसते, पण काही बोलणार नाही."

शेजारी बसून न बोलणारं माणूस अनुपमाने प्रथमच पाहिलं. पहिल्या गढापाशी तिचा अंगठा खवल्यावर गेला, परत आला, काजवीरवर गेला, पुन्हा थांबला. कुणीच 'दाब गं' म्हणेना. शेवटी तिने स्वतःच्या जबाबदारीवर वीजघोरपड निवडली. जिंकली. दुसरा गढ. थांबली, निवडली, जिंकली. तिसऱ्या गढावर तिने एक अशी चाल केली की ती स्वतःच खुर्चीत सरळ झाली.

डॉक्टर बराच वेळ दोन आलेख एकमेकांशेजारी ठेवून बघत होत्या.

"बेडगेबाई, एक गंमत सांगते. ज्याला विसरायला होतं ना, त्याचा अंगठा चुकण्याआधी अडखळतो. मनाला शंका असते. तुमच्या घरच्या टिपणांत निवडी चुकल्यात, पण अंगठा जराही अडखळलेला नाही. चुकीचं जनावर तुम्ही असं ठासून घेतलंय, जणू कुणी हुकूम सोडला आणि तुम्ही तामील केला."

अनुपमाने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"आणि आत्ता इथे तुमचा अंगठा दर वेळी थांबला. निवड मात्र बिनचूक. असं थांबणं तुमच्या जुन्या टिपणांत एकदाही नाही. म्हणजे हात एकाचा आहे आणि डोकं दुसऱ्याचं. घरी खेळताना शेजारी कोण असतं?"

काचेच्या दारापलीकडे जयवंत बसला होता. मांडीवर स्वेटर, हातात तिची पाण्याची बाटली. तो शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होता आणि तो माणूस सहानुभूतीने मान हलवत होता.

"हे असतात," अनुपमा म्हणाली.

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "औषध आहे आता. पेशींत साचत जाणारा कचरा ते काढून टाकतं. पण गेलेलं परत आणत नाही, आहे तेवढं राखतं. म्हणून लवकर सुरू झालं तरच अर्थ. उशिरा दिलं तर कितीही भारी औषध असो, वाया."

सोनगरुड, अनुपमाच्या मनात आलं. शेवटच्या गढाच्या दारात.

"त्यांना तपासावं लागेल, त्यांची संमती लागेल. त्यासाठी त्यांना सांगावं लागेल. मी सांगू?"

"नको," अनुपमा म्हणाली. "मी सांगते."

ती बाहेर आली. जयवंत उठला, त्याने स्वेटर तिच्या खांद्यावर घातला.

"काय म्हणाल्या? अगं बोल. घाबरायचं नाही."

त्याचा चेहरा काळजीने ओढलेला होता आणि तरी त्यावर एक तरतरी होती, जी सूतगिरणी सुटल्यापासून तिने पाहिली नव्हती. त्याच्या हाताखाली पुन्हा एक माणूस आलं होतं.

"गोळ्या देणार आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

आणि जी गोष्ट त्याच दिवशी सांगायची, ती तिने पुढे ढकलली.

घरात आता जयवंतचा कारभार सुरू झाला. त्याने गॅसच्या वर पाटी लावली: 'अनू, बंद केलास का?' स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. सकाळी उठल्या उठल्या तो तिला वार विचारी. ती वार सांगी. तो खात्री करून घ्यायला फोन बघी आणि "शाब्बास" म्हणे. थोड्या वेळाने पुन्हा वार विचारी. पहिल्यांदा विचारलेलं त्याच्या लक्षात नसे.

एका सकाळी चहा खारट झाला. जयवंतने एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला, आजारी माणसासमोर ठेवतात तसा.

"साखरेऐवजी मीठ घातलंस, अनू."

तिने डबा बघितला. त्याच्यावर 'साखर' लिहिलं होतं, जयवंतच्या अक्षरात. आत मीठ.

"घातलं असेल," ती म्हणाली.

"रागवत नाही गं मी. होतं असं."

तिने स्वतःचा कप संपवला.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून शेट्टींचा फोन आला. "वहिनी, साहेब आलेत. तुमच्या विसरण्याची फार काळजी लागलीय त्यांना. सगळं सांगितलं मला. तेवढं त्यांना काय आणायला पाठवलं होतं, ते सांगता का?"

सगळं सांगितलं होतं म्हणजे खरंच सगळीकडे सांगितलं होतं. जयवंतने ही बाब मंडळातल्या प्रत्येक सभासदाला अत्यंत विश्वासात घेऊन, वेगवेगळं गाठून, कुणालाही न सांगण्याच्या अटीवर कळवली होती. आता रस्त्यात भेटणारे लोक अनुपमाशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलत. "ता-ई, मी मु-जा-वर." मुजावर सरांना ती रोज भाजी बाजारात बघत होती.

तिने हे सगळं ऐकून घेतलं. तिचं एक मन म्हणे, आज सांग, औषधाचे दिवस वाया चाललेत. दुसरं म्हणे, सांगितलंस की ही तरतरी संपेल. मग पाटी त्याच्यासाठी लागेल, वार त्याला विचारला जाईल. आणि तो तुला विचारील की डॉक्टरांकडून आलीस त्या दिवशी का नाही बोललीस. जितका उशीर होत होता तितकं सांगणं जड होत होतं, आणि जड होत होतं म्हणून आणखी उशीर.

इकडे मंडळाने अनुपमाचा सत्कार ठरवला.

सत्कार म्हणजे काय, हे आपल्याकडे शाल हातात घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माणसाला मंचावर बसवतात, त्याच्या थोरवीने त्याचे डोळे पाणावतात, आणि तो खाली उतरतो तोवर त्याची खुर्ची हललेली असते. मंडळाला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण ताईंचं दुःख हलकं करतोय. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अध्यक्ष, ऍडव्होकेट प्रसन्न आवटी, माइकवर आले.

"अनुपमाताई आज आपल्यात आहेत," ते म्हणाले. श्रोत्यांत एक उसासा उमटला. "आणि यापुढेही राहतील. मार्गदर्शक म्हणून! श्रेणी ठरवण्याची दगदग मात्र आता त्यांचा प्रतिखेळाडू घेईल. तो आपण त्यांच्या उमेदीच्या वर्षांच्या टिपणांवरून घडवलाय. गेलं वर्ष..." ते घुटमळले, "गेलं वर्ष तांत्रिक कारणाने वगळलंय."

टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. बोलायला उठवल्यावर अनुपमा "आभारी आहे" एवढंच म्हणाली आणि लोकांनी एकमेकांकडे बघितलं: बिचारीला शब्द आठवत नाहीत.

मग मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिक सुरू झालं. प्रतिखेळाडू नव्या आवृत्तीत उतरला. पहिल्या रांगेत जयवंत बसला होता. पहिला गढकरी समोर येताच तो पुटपुटला, "वीजघोरपड." पडद्यावर वीजघोरपड आली.

"आता मागे घेईल. खवल्या."

खवल्या आला. शेजारचे लोक बघू लागले.

"काजवीर, लहान आहे तोवरच," जयवंत म्हणाला, आता जरा मोठ्याने. काजवीर आला. हॉलमध्ये हशा पिकला, कुणीतरी शिट्टी मारली. "जयवंतरावांना बायको पाठ आहे!" आवटी माइकवरून म्हणाले. जयवंत लाजला. मंचावर बसलेल्या अनुपमाने मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तिसऱ्या गढापाशी जयवंत ठासून म्हणाला, "धुकट!"

पडद्यावर चिखलकासव आलं.

"अरे, चुकलं," जयवंत म्हणाला. "धुकट पाहिजे इथे. यंत्र चुकलं."

चिखलकासवाने सावकाश पाय रोवले, गढकऱ्याचे तिन्ही वार पाठीवर घेतले आणि त्याला खाली घेऊन बसलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. जयवंत टाळ्या वाजवत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, जणू ती चाल तो कुठेतरी शोधत होता. ती कधीकाळी त्याला येत होती.

चौथ्या गढापासून तो काही बोलला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खेळ फार रंगला होता.

रिक्षा घरापाशी आली. जिना चढताना जयवंत मध्येच थांबला.

"अनू," तो म्हणाला, "तू काय खेळायचीस गं!"

तिला वाटलं, इथे जिन्यावरच बसावं. पण किल्ली तिच्याकडे होती, म्हणून ती वर गेली.

दुपारची जेवणं झाली. तो सोफ्यावर बसला. ती त्याच्या शेजारी येऊन बसली, अगदी लागून. त्याने टीव्ही लावायला हात पुढे केला, तो तिने धरला.

"जयवंत, तो प्रतिखेळाडू माझा नाही."

"म्हणजे? पेटी बदलली का मुजावरने?"

"अंगठा माझा आहे. निवड तुझी आहे. ती सगळी वर्षं तू सांगितलंस आणि मी दाबलं. ते जे पडद्यावर खेळत होतं ना, ते तू होतास. चार-पाच वर्षांपूर्वीचा."

तो हसला. "मग चांगलंय की. सत्कार माझा झाला म्हणायचा."

"आणि गेलं वर्षही तूच होतास."

हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्यामागून तो जणू निघून गेला. अनुपमा बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बोलली नसती. डॉक्टर काय म्हणाल्या, अंगठा का अडखळला नाही, औषध काय करतं आणि काय करत नाही. साखरेच्या डब्याचं सांगितलं. शेट्टींच्या फोनचं सांगितलं. मिठाची चूक आपली नव्हती हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला, एवढ्या सगळ्यात मिठावरून.

"हे तुला कधी कळलं?"

"स्वेटरच्या दिवशी."

"आणि गप्प राहिलीस."

"राहिले."

"औषध लवकर घ्यायचं असतं म्हणतेस आणि..."

"हो."

तो उठेल, दार लावून आत जाईल, असं तिला वाटलं. तो उठला नाही. आखडलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळत बसला.

"धुकटला 'अ' मी दिली?"

"तू दिलीस."

"तुला पटलं होतं?"

"नाही. मी असते तर 'ई' दिली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, दाब गं तू."

 खालून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. जयवंत समोरच्या काळ्या टीव्हीकडे बघत होता. डोळे बारीक करून, मान पुढे काढून. अनुपमाला वाटलं, तो स्वतःलाच त्यात शोधतोय.

"लोकांना काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. आजाराला माझं नाव लागलंय, तसंच राहू दे. मला त्रास नाही."

"ते नाही चालायचं," तो म्हणाला. पण मग त्याला पुढे काय म्हणायचं होतं ते सुचलं नाही, किंवा सुचलं आणि निसटलं. तिला आता दोन्हींतला फरक ओळखावा लागणार होता. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. असं ती कित्येक वर्षांत बसली नव्हती; हातात पॅड असलं की माणूस सरळ बसतं.

"उद्या सकाळी जाऊ डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "मी फोन करते. येशील ना?"

त्याने मान हलवली. डोळे पाण्याने भरलेले होते आणि ते तो अजून बारीक करत होता. तिने पदराने त्याचे डोळे पुसले. त्याने पुसू दिले.

"अनू," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला.

"काय रे?"

"जरा उठतेस का? मघापासून माझ्या चष्म्यावर बसली आहेस."